प्राणवायूच जेव्हा प्राण घेतो

१८८४ सालच्या आरंभीची गोष्ट. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख त्या वेळी कोलकात्यात पटकीच्या रोगाचा माग काढीत होते. पटकीने दगावलेल्या रोग्यांच्या आतड्यांत त्यांना स्वल्पविरामासारखा वाकडा जीवाणू सापडला. त्याची नाना तऱ्हांनी परीक्षा घेताना त्यांच्या ध्यानात आले की, एवढा भयंकर रोग पसरवणारा हा जीवाणू कोरडेपणापुढे मात्र अगदी दुबळा आहे. जीवाणूंचा थेंब काचेवर पसरून सुकू दिला की, काही तासांतच ते मरून जात. मग त्यांना कितीही पोषक द्रवात ठेवा, एकही वाढत नसे.

आता दुसरे चित्र पहा. जीवाणूंची संग्रहालये असतात हे तुम्हांला ठाऊक आहे का? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचा असा एक मोठा संग्रह आहे. जगात इतरत्रही असे संग्रह आहेत आणि त्यांतल्या काहींत रोगजंतूही जपून ठेवलेले असतात. आपला पटकीचा जीवाणूही त्यांत असतो. कसा? बोटभर लांबीच्या, वितळवून तोंड बंद केलेल्या काचेच्या कुपीत, तळाशी चिमूटभर पांढरट पूड होऊन! पाण्याचा टिपूसही दिसत नाही. अशी कुपी वीस वर्षांनी फोडली, त्या पुडीवर पोषक द्रवाचे चार थेंब घातले आणि नळी उबेत ठेवली, तर थोड्याच काळात द्रव गढूळ होतो. जीवाणू जागे होऊन भराभर वाढू लागलेले असतात.

काचेवर वाळलेला जीवाणू काही तासांत मेला, कुपीत वाळलेला वर्षानुवर्षे टिकला. पाणी तर दोन्हीकडचे गेले होते. मग फरक पडला कशाने?

याचे निम्मे उत्तर पाणी कसे काढले यात आहे. उरलेले निम्मे उत्तर अधिक नवलाचे आहे. ते हवेत आहे.

पाणी जाते तेव्हा

जीवाणूच्या वजनातील जवळजवळ ७० टक्के भाग पाणी असते. हे पाणी म्हणजे घागरीत भरून ठेवलेले पाणी नव्हे. ते जीवाणूच्या बांधणीचाच एक भाग आहे. जीवाणूभोवती स्निग्ध पदार्थांच्या रेणूंचे एक अतिशय पातळ पटल असते. हे रेणू दोन थरांत शिस्तीने उभे राहतात, ते दोन्ही बाजूंना पाणी असते म्हणून. प्रथिनांचे लांबलचक रेणू ठरावीक घड्या घालून बसलेले असतात, त्या घड्याही पाण्याच्याच आधाराने टिकतात. पाणी ओसरू लागले की, पटलातले रेणू दाटीवाटीने एकमेकांवर रेलतात, प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांना चिकटतात. शिवाय, आमटी आटत गेली की कशी खारट होत जाते? तसेच जीवाणूच्या आतले क्षार आटत आटत इतके तीव्र होतात की, त्यांचाच दाह होतो.

उन्हात वाळवलेली मिरची आठवा. ती सुरकुतते, आक्रसते. पाण्यात टाकली तरी पुन्हा ताज्या मिरचीसारखी टवटवीत होत नाही. पाणी द्रवरूपात बाहेर येताना भिंतींना आपल्याबरोबर आत ओढते. काचेवर सुकणाऱ्या पटकीच्या जीवाणूची अशीच गत होते.

मग पाणी द्रव न राहताच बाहेर काढता आले तर? देव्हाऱ्यातला कापूर डबीत ठेवल्या ठेवल्या लहान होत जातो. तो वितळत नाही, ओला होत नाही, थेट हवेत उडून जातो. घन पदार्थाचे असे सरळ वायूत रूपांतर होण्याला संप्लवन म्हणतात. बर्फही असा उडून जाऊ शकतो. नेहमीच्या हवेच्या दाबाला आपल्याला हे सहसा जाणवत नाही, कारण बर्फ आधी वितळतो. पण हवेचा दाब पाऱ्याच्या ४.५८ मिलिमीटरांहूनही खाली आणला, तर शुद्ध पाण्याला द्रवरूपात राहताच येत नाही. ते एकतर बर्फ असते, नाहीतर वाफ.

या गुणधर्माचा उपयोग करून वस्तू वाळवण्याच्या रीतीला शीतशुष्कन म्हणतात. जीवाणूंचा दाट द्रव कुपीत घेऊन शून्याखाली ४० अंश किंवा त्याहूनही थंड करतात. तो दगडासारखा गोठला की, कुपी निर्वात पंपाला जोडतात. बर्फ हळूहळू वाफ होऊन निघून जाऊ लागतो. ही वाफ पंपात शिरू नये म्हणून वाटेत बर्फाहूनही थंड नळ्या ठेवलेल्या असतात. त्यांच्यावर ती पुन्हा गोठून बसते. येथे एक गंमत आहे. एक ग्रॅम बर्फाची थेट वाफ व्हायला सुमारे ६७५ कॅलरी उष्णता लागते. ती बर्फातूनच घेतली जात असल्यामुळे बर्फ आपोआप अधिकाधिक थंड होत जातो आणि काम मंदावते. म्हणून गोठलेल्या कुपीला बाहेरून जपून थोडी थोडी उष्णता द्यावी लागते. उष्णता फार झाली तर बर्फ वितळतो, कमी पडली तर काम रेंगाळते. सगळे कसब या मधल्या मार्गात आहे.

बर्फ गेला की मागे राहतो तो जाळीदार सांगाडा. कशाचेही आक्रसणे नाही, जो कण जेथे होता तेथेच राहतो. पाणी पडताच ही जाळी क्षणात ते शोषून घेते. पाण्यावरच्या या ‘प्रेमा’मुळेच अमेरिकेतील फ्लॉसडॉर्फ आणि मड यांनी १९३५ साली अशा पुडीला ग्रीक शब्दांवरून ‘लायोफाइल’ असे नाव दिले. आजही प्रयोगशाळांत या क्रियेला लायोफिलायझेशन म्हणतात. अर्थात यंत्रे यायच्या कितीतरी आधी दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावरचे लोक बटाटे रात्रीच्या हिवात गोठवून, पायांनी तुडवून आणि दिवसाच्या कोरड्या हवेत वाळवून वर्षानुवर्षे टिकवीत आले आहेत.

पण गोठवणे तरी कोठे निर्धोक आहे? जीवाणूच्या बाहेरचे पाणी आधी गोठते. तेथले क्षार उरलेल्या थोड्याशा पाण्यात एकवटतात आणि जीवाणूच्या आतले पाणी बाहेर खेचतात. फार सावकाश गोठवले तर जीवाणू या खारटपणात फार वेळ राहतो. फार झटपट गोठवले तर पाण्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही आणि बर्फाचे स्फटिक आतच तयार होऊन नासधूस करतात. म्हणून जीवाणूंबरोबर एखादा रक्षक पदार्थ मिसळतात. हे रक्षक काही दुर्मीळ औषध नसते. साय काढलेले दूध, साधी साखर आणि ट्रेहॅलोज नावाची एक साखर हे नेहमीचे रक्षक.

साखर काय करते? पाणी निघून जाताना साखरेचे रेणू पटलाच्या आणि प्रथिनांच्या भोवती पाण्याच्या जागा पटकावतात आणि आधार देतात. शिवाय ती स्फटिक न होता काचेसारखी घट्ट होऊन बसली, तर जीवाणू त्या गोड काचेत जणू चिणला जातो. आतल्या रेणूंना हलायलाही जागा राहत नाही. कॅलिफोर्नियातील जॉन क्रो आणि लोइस क्रो या दांपत्याने १९८० नंतरच्या दशकात ट्रेहॅलोजच्या या गुणाचा पुष्कळ अभ्यास केला. बेकरीत वापरले जाणारे यीस्ट ही साखर स्वतःच आपल्या पेशीत साठवते. वाळवलेले यीस्ट कोमट पाण्यात जागे होते त्याचे हे एक मोठे कारण. मात्र कोणतीही साखर चालत नाही. ग्लुकोज पाण्याचे काम करते, पण साठवणीत प्रथिनांशी हळूहळू संयोग पावते. पावाचा वरचा पापुद्रा भाजताना ज्या रासायनिक क्रियेने तांबूस होतो, तीच ही क्रिया. ती पुडीतही रांगत रांगत चालू राहते आणि जीवाणूंना मारते.

कुपी उघडी राहिली तर?

एवढ्या खटपटीने वाळवलेली पूड आता तयार आहे. तिच्यात पुष्कळ जीवाणू जिवंत आहेत. ती कोरडी, थंड आणि स्वच्छ आहे. समजा, तिच्यापैकी एक कुपी आपण निर्वात असतानाच वितळवून बंद केली आणि दुसरीत कोरडी, जंतुरहित हवा आत जाऊ दिली. दुसऱ्या कुपीत ओलावा गेला नाही, दुसरा जंतू गेला नाही, फक्त हवा गेली.

पहिल्या कुपीतले जीवाणू टिकतात, दुसरीतले भराभर मरतात.

हे हवेतल्या कशामुळे होते? कुपीत नुसता नायट्रोजन भरला तर असे होत नाही. प्राणवायू शिरला की होते. लायन आणि बर्गमन या इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी १९६१ साली ई. कोलाय या जीवाणूच्या शीतशुष्क पुडीवर प्राणवायूचा हा मारक परिणाम तपासून प्रसिद्ध केला, आणि कोणते पदार्थ मिसळले असता त्यापासून संरक्षण मिळते, हेही पाहिले. ई. कोलाय हा जीवाणू आपल्या आतड्यात राहतो. ओला असताना तो प्राणवायूत सुखाने वाढतो, उलट प्राणवायू असला तर अधिकच जोमाने वाढतो. त्याच जीवाणूला वाळल्यावर प्राणवायू विषासारखा बाधतो. ज्याने या वायूला मराठीत ‘प्राणवायू’ हे नाव दिले, त्याला ही बाजू दिसायचे काही कारण नव्हते!

हे कोडे सोडवायला आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ओल्या जीवाणूलाही प्राणवायू बाधतच असतो. प्राणवायूच्या रेणूत दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांना जोडीदार हवा असतो. त्यामुळे हा रेणू अधूनमधून दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन ओढतो आणि त्यातून मुक्त मूलके नावाचे अतिशय तापट कण तयार होतात. पेशीत लोहाचे अणू मोकळे असले तर हे काम आणखी जोरात चालते. मुक्त मूलके पटलातल्या स्निग्ध रेणूंवर तुटून पडतात, प्रथिनांची मोडतोड करतात आणि वंशसूत्रांतल्या डीएनएची साखळी तोडतात. खोबऱ्याची वाटी उघडी राहिली की खवट होते ना? तोच प्रकार पटलातल्या स्निग्ध पदार्थांचा होतो. बटाट्याच्या वेफर्सच्या फुगीर पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन भरतात, तो तेल खवट होऊ नये म्हणून. जीवाणूच्या कुपीत नायट्रोजन भरण्यामागे वेगळे शास्त्र नाही.

ओला, जिवंत, कामात असलेला जीवाणू या हल्ल्याला पुरून उरतो, कारण त्याच्याजवळ दुरुस्तीची सगळी सोय असते. काही एंझाइमे मुक्त मूलके तयार होताच त्यांना निकामी करतात. काही तुटलेला डीएनए जोडतात. खराब प्रथिने मोडीत काढून नवी घडवली जातात. पण ही सर्व कामे पाण्यात चालतात. पाणीच नसेल तर एंझाइम जागचे हलत नाही, ऊर्जा निर्माण होत नाही, नवे काही घडत नाही.

कोकणातले बंद घर डोळ्यांसमोर आणा. घरची माणसे मुंबईला. घरात कोणी राहत असते तेव्हाही वाऱ्याने कौले सरकतात, माकडे ती फोडतात, वाळवी लागते. पण दर उन्हाळ्यात घरधनी कौले चाळून घेतो, वाळवी झाडतो आणि घर शंभर वर्षे उभे राहते. घराला कुलूप लागले की, तीच एक कौल सरकल्याची बाब पुरते. पाऊस तेवढाच, वारा तेवढाच. पण सरकलेले कौल जागेवर बसवायला कोणी नाही. वाळलेला जीवाणू हे असे कुलूप लावलेले घर आहे. प्राणवायू पूर्वीइतकाच खोडकर आहे, पण केलेली मोडतोड आता साचत राहते. पुढे कधी पाणी मिळाले म्हणजे धनी घरी परत येतो. दहा कौले फुटलेली असली तर तो ती बदलून संसार मांडतो. आढेच कोसळले असले तर त्याचाही इलाज चालत नाही.

म्हणून, वाळवण्यात काही जास्तच उत्साह दाखवला तर तोही अंगाशी येतो. पुडीत सामान्यतः एक ते तीन टक्के ओलावा राहू देतात. त्याहून अधिक ओलावा राहिला तर साखरेची काच मऊ पडते आणि रासायनिक क्रियांना वाट मिळते. अगदी ठणठणीत कोरडे केले तर रेणूंभोवतीचे शेवटचे पाण्याचे पांघरूणही जाते आणि प्राणवायूला ते अधिक उघडे सापडतात. उष्णता आणि उजेड हे दोघे प्राणवायूचे साथीदार आहेत. म्हणून कुप्या थंड जागी व अंधारात ठेवतात.

‘टिकतात’ आणि ‘भराभर मरतात’ म्हणजे नेमके किती, हे कसे सांगायचे? सगळे जीवाणू एकाच मुहूर्तावर मरत नाहीत. ठरावीक काळात निम्मे मरतात, पुढच्या तेवढ्याच काळात उरलेल्यांतले निम्मे, असा साधारण हिशेब असतो. समजा, कुपीत १०० कोटी जिवंत जीवाणू आहेत आणि रोज निम्मे मरतात. मग दहा दिवसांनी सुमारे १० लाख उरतील, वीस दिवसांनी हजाराच्या आसपास आणि तिसाव्या दिवशी जेमतेम एक! पण निम्मे मरायला एक दिवसाऐवजी एक वर्ष लागत असेल, तर हाच प्रवास तीस वर्षांचा होईल. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, वहीत स्वतः करून पहा. जीवाणू कोणता, रक्षक कोणता, हवा आहे की नाही, यांवर हा निम्मे होण्याचा काळ तासांपासून वर्षांपर्यंत कोठेही असू शकतो.

एका लशीची गोष्ट

हा सगळा खटाटोप केवळ संग्रहालयासाठी असता, तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. आपल्या देशात बाळ जन्मले की त्याच्या डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचतात. तुमच्याही दंडावर तिचा वण असण्याचा संभव आहे. विशेषतः लहान मुलांना होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून ही लस रक्षण करते. ती जिवंत जीवाणूंची लस आहे. जीवाणू मेलेले असतील तर टोचण्याचा उपयोग नाही; आणि ते मेलेले आहेत हे ना आईला दिसते, ना टोचणाऱ्या परिचारिकेला. पूड दोन्ही वेळी सारखीच पांढरी दिसते.

फ्रान्समधील काल्मेत आणि गेरँ यांनी गुरांच्या क्षयाचा जीवाणू १९०८ पासून १३ वर्षे बटाट्यावर वाढवून, पुन्हा पुन्हा नव्या बटाट्यावर चढवून, २३० वेळांनंतर सौम्य केला. १९२१ मध्ये ती लस पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली. मग तिचे नमुने देशोदेशी गेले. त्या वेळी शीतशुष्कनाची सोय नव्हती. जीवाणू जिवंत ठेवायचा तर काही आठवड्यांनी त्याला नव्या अन्नावर चढवत राहणे हाच मार्ग होता. आणि जो वाढतो तो बदलतो. प्रत्येक प्रयोगशाळेतली बीसीजी हळूहळू वेगळी होत गेली. आज जगात बीसीजीचे अनेक वाण आहेत, पण १९२१ सालचा मूळ वाण कोठेच उरलेला नाही. १९६० नंतरच्या दशकात प्रत्येक वाणाचे ‘बियाणे’ शीतशुष्क करून ठेवण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा कोठे हे बदलणे थांबले. वाळलेला जीवाणू वाढत नाही, म्हणून बदलतही नाही. शेतकरी जसे दर वर्षी राखून ठेवलेल्या बियाण्यातून पेरतो, तसे आता लशीचे प्रत्येक नवे पीक त्याच जुन्या कुप्यांतून काढतात.

टोचायची लससुद्धा शीतशुष्क झाली. द्रवरूप बीसीजी फार तर काही आठवडे टिके. पूड २ ते ८ अंश सेल्सियसला सुमारे दोन वर्षे टिकते. पुण्यात तयार होणाऱ्या बीसीजीच्या ०.१ मिलिलिटर मात्रेत २ ते ८ लाख जिवंत जीवाणू असतात. तिच्यात रक्षक म्हणून सोडियम ग्लुटामेट घालतात. नाव ओळखीचे वाटते? चायनीज पदार्थांच्या गाडीवर ‘अजिनोमोटो’ म्हणून मिळते ते हेच.

क्षयाच्या कुळातला हा जीवाणू तर प्राणवायूवाचून वाढतच नाही. तरीही त्याची पूड प्राणवायूपासून दूर ठेवूनच कुपी बंद करतात. काही कुप्या निर्वात असतात. मोडून उघडायची काचेची कुपी असेल तर तिची मान कापताच बाहेरची हवा फसकन आत घुसते आणि हलकी पूड उडून जाऊ शकते. म्हणून मान मोडण्यापूर्वी कुपीभोवती प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळायचा, असे परिचारिकांना शिकवतात. काच तपकिरी असते, ती उजेड अडवण्यासाठी.

पुडीत मिठाचे पाणी मिसळले की जीवाणू ओला झाला, दुरुस्तीची सोय परत आली. आता प्राणवायूची ती भीती राहिली नाही. तरीही मिसळलेली लस चार तासांच्या आत वापरायची आणि उरली तर टाकून द्यायची, असा आपल्याकडे नियम आहे. याचे कारण वेगळे आहे. या लशीत जंतुनाशक घालता येत नाही, कारण ते लशीच्या जीवाणूंनाही मारील. त्यामुळे उघडलेल्या कुपीत बाहेरचा जंतू शिरला तर तो तेथे वाढू शकतो. शिवाय उष्णता आणि उजेड यांनी लशीतले जिवंत जीवाणूही कमी होत जातात. दहा बाळांची कुपी तीन बाळांसाठी फोडली आणि सात मात्रा फेकल्या, हे पाहून कोणाला वाईट वाटेल. पण येथे काटकसर कामाची नाही.

ज्यांना कुपी लागत नाही

काही जीवाणूंनी ही विद्या स्वतःच साधली आहे. धनुर्वाताचा जीवाणू पहा. प्राणवायूत तो वाढूच शकत नाही, तरी रस्त्यावरच्या धुळीत वर्षानुवर्षे असतो. कारण अडचणीच्या काळात तो बीजाणू बनतो. जाड कवच, आत अगदी थोडे पाणी आणि डीएनएला घट्ट लपेटून बसलेली खास प्रथिने! शीतशुष्कनाचे यंत्र जे करते ते तो आपल्या अंगातच करतो.

डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जीवाणू बीजाणू बनत नाही. तो १९५६ साली अमेरिकेत सापडला, तोही किरणोत्सर्गाने निर्जंतुक करूनसुद्धा नासलेल्या मांसाच्या डब्यात. एवढे किरण सोसण्याची शक्ती निसर्गात त्याला कशाला लागली असेल? पृथ्वीवर तर असा किरणोत्सर्ग कोठेच नाही. मॅटिमोर आणि बॅटिस्टा यांनी १९९६ मध्ये याचे सुंदर उत्तर दिले. या जीवाणूचे जे वाण किरण सोसू शकत नाहीत, ते वाळवणेही सोसू शकत नाहीत, असे त्यांना दिसले. म्हणजे त्याने तयारी केली होती दुष्काळाची. किरण सोसणे त्यासोबत आपोआप आले. दोन्ही संकटांत डीएनएचे तुकडे होतात आणि हा ते पुन्हा जुळवतो. त्याच्या पेशीत मँगॅनीज भरपूर असते, ते प्रथिनांना मुक्त मूलकांपासून वाचवते.

वाळलेला जीवाणू शेवटी किती काळ जगेल? याचे उत्तर मिळायला वाट पाहावी लागते, आणि माणसाचे आयुष्य तोकडे. म्हणून एडिंबरा विद्यापीठातील चार्ल्स कॉकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ५०० वर्षे चालायचा एक प्रयोग सुरू केला. दोन जातींचे वाळवलेले जीवाणू काचेच्या कुप्यांत घालून ज्योतीने बंद केले. निम्म्या कुप्यांना शिशाचे कवच दिले, म्हणजे आसपासच्या किरणोत्सर्गाचा परिणामही कळावा. पहिली २४ वर्षे दर दोन वर्षांनी आणि मग दर पंचवीस वर्षांनी काही कुप्या फोडायच्या. तसाच एक जादा संच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात ठेवला आहे. सूचना पुढच्या लोकांना वाचता याव्यात म्हणून त्या वेळोवेळी नव्याने उतरवून ठेवायच्या, असेही ठरले आहे. शेवटच्या कुप्या २५१४ मध्ये फुटतील.

तुम्ही करून पहा

तुम्हांला एवढे थांबायला नको. जीवाणू हवा असेल तर तो स्वयंपाकघरात आहे. स्वच्छ सुती कापडाच्या बोटभर रुंदीच्या सारख्या आकाराच्या बारा पट्ट्या उकळून वाळवा. ताज्या दह्यात बुडवून सावलीत पंख्याखाली खडखडीत सुकवा. उन्हात नको. चार पट्ट्या खोलीत उघड्यावर टांगा. चार घट्ट झाकणाच्या बरणीत, भाजून गार केलेल्या तांदळांवर ठेवा. तांदूळ हवेतला ओलावा शोषून घेतील. उरलेल्या चार तशाच दुसऱ्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. दर आठवड्याला प्रत्येक गटातली एक पट्टी घेऊन, उकळून कोमट केलेल्या अर्ध्या अर्ध्या वाटी दुधात घाला. चौथ्या वाटीत काहीच घालू नका, तुलनेसाठी ती हवीच. दूध लागायला किती तास लागले ते लिहा. पट्टीवर जिवंत जीवाणू जितके कमी, तितका वेळ जास्त.

या प्रयोगात ओलावा आणि उष्णता यांचा परिणाम कळेल, प्राणवायूचा नाही, कारण हवा तिन्ही गटांत आहे. विज्ञानाच्या शिक्षकांच्या मदतीने चौथा गट वाढवता येईल. सुई नसलेली मोठी नवी पिचकारी घ्या, तिच्यात सुकी पट्टी घाला, दट्ट्या पट्टीला टेकेपर्यंत दाबा आणि तोंड मेणाने बंद करा. तशाच दुसऱ्या पिचकारीत दट्ट्या पूर्ण मागे ओढून हवा भरलेली राहू द्या. पहिलीतली हवा पूर्ण जाणार नाही, पण पुष्कळ कमी होईल. कनिष्ठ महाविद्यालयात निर्वात पंप असेल तर आणखी चांगले. प्रत्येक वेळी दूध एकाच ठिकाणचे आणि खोलीचे तापमान टिपलेले असू द्या. यातले कोणतेही दही खाऊ नका. उघड्यावरच्या पट्टीवर दह्याच्या जीवाणूंखेरीज आणखी कोण येऊन बसले असेल, ते सांगता येत नाही.